कंदीलफुलांची आक्का

सड्यावरची आक्का फुलाकडे कधी सरळ बोट करत नसे. तर्जनी दुमडायची आणि तिच्या पेरानं दाखवायची. "सरळ बोटानं कळी नासती, मास्तरीणबाई." सातारच्या वर, कातळाच्या त्या सपाटीवर तिनं जन्मभर म्हशी राखल्या होत्या. मी सांगलीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, साठीतली कोवळी पोर. मला हसू यायचं.

कंदीलफूल पहिल्यांदा पाहिलं, ते मी त्याच्यावर पाय देणार तेवढ्यात. "पाय उचला. देव हाय तिथं." वाकले. वीतभर काडी आणि तिच्यावर जांभळट कंदील, पाकळ्यांची टोकं वर जुळलेली. आत एक चिलट फिरत होतं. "सोडंल उद्या. पावण्याला ठेवून घेतंय," आक्का म्हणाली. परागीभवन मी आयुष्यभर फळ्यावर काढलं होतं; पाहिलं त्या दिवशी. चष्मा पुसून मी पुन्हा वाकले.

त्याच्याखाली सुपारीएवढा कांदा असतो. "पोटाला नसलं तवा आमी खाल्लाय. पर म्हातारी उडाल्याबिगर न्हाई." शेंग फुटून बियांच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर गेल्या की मगच काठीनं उकरायचं, हा तिचा कायदा.

पलीकडचा सडा हॉटेलासाठी मुरूम टाकून सपाट झालेला. कंदील उरले होते ते परसाएवढ्या तुकड्यात. आणि मी शहाणीनं फुलाचा फोटो ग्रुपवर टाकला, लोकेशनसकट. दिवसभर आलेले अंगठे बघत बसले.

आठवड्यानं गेले, तर आक्का खड्ड्यांच्या मधोमध बसलेली. "कांदं इकायला नेलं गाडीवाल्यांनी. फोनात बघत बघत नीट हितंच आलं."

मी कबूल केलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. "तुमी शिकलेल्या. तुमास्नी कोण सांगणार?" एवढंच म्हणाली आणि फेकलेल्या काड्या चाळत राहिली. दिवस कलताना एक पिकली शेंग सापडली. तिचं बी तिनं कातळाच्या फटीतल्या मातीत बोटानं खोचलं.

तिसऱ्या पावसाळ्यात आक्का गेली. तोवर तिथं नुसती पानंच होती.

यंदा फोन घरी ठेवून एकटी चढले. फटीत दोन कंदील उभे होते. गुडघे टेकले, ते उठायला तयार होईनात. कॅमेरा गळ्यात अडकवलेलं एक जोडपं जवळ आलं. मुलीनं विचारलं, "आजी, काय बघताय एवढं?"

"काही नाही गं, दम खातेय," म्हटलं आणि पदर पसरून फुलांना आडोसा करून बसले.