पोरींना चक्कर आली आणि बाई गेल्या

नेवासा तालुक्यातल्या एका हायस्कुलात स्टेला मॅडम मराठी शिकवायच्या. नेमणूक तात्पुरती, पण नाटकाचं वेड कायमचं. त्या वर्षी नगरच्या स्पर्धेसाठी त्यांनी एक जुनं, जगभर गाजलेलं नाटक घेतलं. चार पोरी भूत लागल्याचं सोंग घेतात, गाव घाबरतं आणि ज्याला ज्याचा काटा काढायचा तो त्या भीतीच्या आडून काढतो, असं त्याचं कथानक.

एका दुपारी तालमीत नववीतली जयमाला धाडकन पडली. सकाळपासून उपाशी होती. मॅडमनी साखरपाणी पाजलं, तशी उठून हसायला लागली. खरं तर गोष्ट तिथंच संपायची.

पण ती स्कूल कमिटीचे अध्यक्ष काकासाहेब यांच्या कानावर गेली. या गृहस्थांनी जन्मात नाटक पाहिलं नव्हतं, वठवायला मात्र फार चांगलं यायचं. त्यांची सून बी.एड. होऊन नोकरीविना घरी बसलेली. त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं, "पोरींला भुताचं सोंग करायला लावत्यात, क्रॉसम्होरं हात जोडायला लावत्यात. उद्या पोरी तुमच्या ऱ्हायच्या न्हाईत!"

दुसऱ्या दिवशी आणखी दोघी पडल्या, मग अख्खा बाक पडला. पडणारीला चाचणी परीक्षेतून सुट्टी मिळते, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. कालपर्यंत मॅडमकडून अर्ज लिहून नेणाऱ्या आया वर्गाच्या दाराला लिंबू-मिरची बांधून गेल्या. स्टेला मॅडमना भीती वाटली नाही. किळस आली.

पटांगणात पालकांची सभा भरली. काकासाहेबांनी जयमालेला पुढं उभं केलं. "कुनी केलं, सांग बाळा. भिऊ नको."

पोरीनं बापाकडं पाहिलं, काकासाहेबांकडं पाहिलं आणि मॅडमकडं बोट केलं. "ह्या कायतरी पुटपुटायच्या."

मॅडम पुटपुटायच्या ते पोरींचे विसरलेले संवाद होते. हे तालमीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही. मुख्याध्यापक आपल्या बुटांकडं बघत बसले.

"माफी मागा मॅडम, इषय मिटला," काकासाहेब मोठ्या मनानं म्हणाले.

"कशाची?"

"कशाची का असंना. म्हना नुसतं."

"न केलेल्या गोष्टीची माफी मी मागणार नाही. आणि काकासाहेब, भुताला तुम्हीही भीत नाही. सूनबाईंची ऑर्डर निघाली का, तेवढं सांगा."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. बाकीच्यांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

महिनाअखेर मॅडमची नेमणूक संपली. सूनबाई वर्गावर आल्या आणि त्या दिवसापासून एकाही पोरीला चक्कर आली नाही. कसं काय, असं गावात कुणी विचारलं नाही. विचारायला लाज लागते.

मॅडम नगरला नवरा जॉनकडं राहायला गेल्या. वस्तीतल्या पोरांना घेऊन त्यांनी तेच नाटक बसवलं, स्पर्धेत केलंही. बक्षीस मिळालं नाही.

वर्षभरानं काही कामासाठी आल्या असताना नेवाशाच्या स्टँडवर काकासाहेब भेटले. ओशाळले वगैरे नाहीत. उलट तोंडभर हसून म्हणाले, "मनावर घेऊ नका मॅडम. तवा वातावरनच तसं हुतं."

"वातावरण पावसाचं असतं, काकासाहेब. ते तुम्ही केलेलं होतं," मॅडम म्हणाल्या आणि नगरच्या गाडीत चढल्या. काकासाहेब आणखी काहीतरी बोलत होते. मॅडमनी खिडकी लावून घेतली.