पाहुण्यांसाठी धुतलेला ऊस

बांधावर पाय ठेवला आणि भपकन वास आला. औषधाचा. मी हातातले डबे छातीशी धरले आणि तिथूनच ओरडले, "अण्णा, फवारलं व्हय तुम्ही?"

शिवगोंडा अण्णा हसत हसत उसातनं बाहेर आले. डोक्यावर ठेवणीतली टोपी. "फवारलं की! काल सगळा फड धुऊन काढला. दिल्लीचं पावणं येणार आणि माझा ऊस असा घाण? बघा, एक किडा दिसतोय का."

खरंच दिसत नव्हता.

मी कीटकशास्त्रज्ञ. उसावर लोकरी मावा आला, त्या काळातली ही गोष्ट. पानाच्या पाठीला पिंजलेला कापूस चिकटावा तसे हे पांढरे किडे दिसतात. रस शोषतात, चिकट पाणी सोडतात, त्यावर बुरशी धरते आणि खालची पानं काळी पडतात. औषध मारलं की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच. पण या माव्याला खाणारी एक अळी असते. ती आम्ही जाळीच्या शेडमध्ये वाढवली होती. आता ती पहिल्यांदाच शेतकऱ्याच्या उसात सोडायची होती. त्यासाठी शेतात मावा पाहिजे, कारण तेच तिचं जेवण. आणि औषध अजिबात नको, कारण त्यानं मावाही मरतो आणि अळीही.

हे सगळं अण्णांना नीट सांगितलं होतं. त्यांनी मानही डोलावली होती. पण जयसिंगपूरकडच्या त्या गावात पाहुणे येणार म्हटल्यावर आवरायचं नाही, हे कुणाला जमणार?

"अण्णा, औषध नको म्हणाले होते ना मी?"

"तुमचं किडं सोडल्यावर नको, असं समजलो. आधी घर साफ करायला नको? नवी सून घाण घरात आणतंय का कोण?"

"अहो, सुनेचं जेवणच फेकून दिलंत तुम्ही!"

माझा आवाज मुळातच मोठा, त्यात रडूही येत होतं. मी तेव्हा प्रोजेक्टवर होते. म्हणजे प्रोजेक्ट आहे तोवर नोकरी. नवरा सुहास बंगळूरला, लेक माझ्या आईकडे पेठ वडगावला आणि मी कोल्हापुरात एका खोलीत. तीन चुली मांडून बसलो होतो. शेवटी आमचं ठरलं होतं, की मुदतवाढ मिळाली तर मी इथं राहायचं, नाहीतर लेकीला घेऊन बंगळूर गाठायचं. तिथं एका शाळेत सायन्स टीचरची जागाही सुहासनं बघून ठेवली होती. मुदतवाढीचं ठरवणारी दिल्लीची कमिटी आज इथं येत होती, आणि माझ्या अळ्यांना खायला काही नव्हतं.

तेवढ्यात नजर बांधापलीकडे गेली. पलीकडचा ऊस पांढराफेक!

"अण्णा, तो फड कुणाचा?"

अण्णांचा चेहरा उतरला. "बाळगोंडाचा. धाकटा भाऊ माझा. बोलणं न्हाय आमचं."

"त्यानं फवारलंय?"

"त्यो कशाला फवारतोय! एक नंबरचा आळशी."

"देव भलं करो त्याचं! जावा, विचारा त्याला."

"मी? जीव गेला तरी न्हाय."

"ठीक आहे. मग मी इथं बांधावर बसते आणि दिल्लीचे पाहुणे आले की भोकाड पसरते. सांगते, अण्णांनी काय केलं ते."

पाहुण्यांसमोर शोभा! अण्णा बांधाजवळ गेले, दोनदा खाकरले आणि हाक मारली, "तम्मा!" तिकडे धाकट्या भावाला कानडीत तम्मा म्हणतात.

बाळगोंडा बाहेर आला. "काय?"

"ह्या अक्कांना तुझा ऊस पायजे."

"तुझ्याला काय झालं?"

"माझा लई स्वच्छ हाय."

बाळगोंडानं माझ्याकडे, मग डब्यांकडे पाहिलं. "किडं सोडणार? माझ्याकडं काय कमी हाईत व्हय?"

मी बोलत बसले नाही. डबा उघडला आणि ब्रशनं एक अळी उचलून त्याच्याच उसाच्या पानावर ठेवली. अळी जरा थबकली आणि माव्यात तोंड खुपसून खायलाच लागली.

"आयला, खाल्लं की!" बाळगोंडा ओरडला. "आण्णा, हिकडं ये, बघ बघ!" दोघा भावांची डोकी एकाच पानावर वाकली. मला हसावं की नाचावं कळेना. आम्ही तिघं मिळून डब्यांतले अळ्यांसकट पानांचे तुकडे भराभर उसात अडकवत सुटलो.

जीप आली. आमच्या प्रोजेक्टचे सर उतरले, मागे कमिटी. सरांनी हळूच विचारलं, "आपला प्लॉट पलीकडचा ना?"

"सर, तो कंट्रोल प्लॉट." म्हणजे ताडून बघायला ठेवलेला तुकडा. "तिकडे औषध, इकडे अळी, मध्ये एक बांध. फरक डोळ्यांना दिसेल."

"आणि हे कधी ठरवलंस?"

"मी नाही सर, अण्णांनी ठरवलं."

अण्णांनी टोपी सारखी केली.

काही आठवड्यांनी कमिटी पुन्हा आली. अण्णांचा धुतलेला ऊस पुन्हा पांढरा झाला होता. बाळगोंडाच्या उसात मावा शोधावा लागत होता आणि पान उलटावं तिथं अळ्या! मी सरांसमोरच उडी मारली. गावोगावचे लोक तिथली अळीची पानं न्यायला आले. सगळ्यांच्या पुढं अण्णा. "तम्मा, मला जरा जास्त दे की."

मुदतवाढ मिळाली. मी एसटीडी बूथवरून सुहासला फोन केला, "सामान बांध!"

"तू येतेस?"

"तू येतोस!"

वर्षभर कुरकुर करून तो आला. अण्णांच्या त्या फवारणीपासून कुठलंही काम सुरू करताना मी शेतकऱ्यांना बजावते, की पाहुणे येणार म्हणून काही आवरू नका.

हे घरी सांगायचं मात्र राहिलं. सुहास यायच्या आदल्या दिवशी आई कोल्हापूरला आली आणि जावई येणार म्हणून तिनं माझी खोली झाडूनपुसून लख्ख केली. टेबलावरचे डबे घासून ओळीनं पालथे घातले होते. आतल्या अळ्यांचं काय केलंस, हे विचारायचा मला धीर झाला नाही.