अगार घट्ट होईपर्यंत

उंदराच्या ताज्या मेंदूचा तुकडा साच्यात बसवून झालाय. वर ओतलेला अगार खरवसासारखा घट्ट व्हायला दहा मिनिटं आहेत. तेवढ्यात कुणी झोपतं का? पण नुकतंच जेवण झालंय, आणि विनया सबनीस फोन शेजारी ठेवून टेबलावर डोकं टेकते. नुसते डोळे मिटायचे, असं स्वतःला बजावते.

समोर काप काढायच्या यंत्राच्या पात्याजवळ भोकरेकाका बसलेत. प्रयोगशाळेतले जुने टेक्निशियन, विनयाला हे काम शिकवणारे. फेब्रुवारीत वारले. तरी ते समोर बसलेत, यात तिला काही वावगं वाटत नाही.

"घाई किती गं तुझी!" काका म्हणतात. "ताजं मांस आहे, काकडी नव्हे. रेटलंस की चेंगरलंच. पात्याला थरथरू दे, आपण गप बसायचं."

जाड, अख्खा काप सुटून येतो. विनया तो कुंचल्यावर अलगद झेलते, बशीत सोडते, तर बशी काकांच्या घरच्या ओट्यावर. कुकर शिट्टी देतो. ओट्यापलीकडे मीटिंगच्या खुर्च्या, सगळे बसलेले. त्या दिवसासारखेच.

त्या दिवशी कुणीतरी असाच ताजा तुकडा डब्यात घालून फ्रीजऐवजी फ्रीजरमध्ये ठेवला होता. बर्फानं त्याची चाळण झाली. तसा तुकडा पुन्हा मिळणार नव्हता. "चूक माझी," काका उभं राहून म्हणाले, आणि दोन महिन्यांत तो डाग घेऊन निवृत्त झाले. विनया मूग गिळून बसली होती.

आता ती उठते. "काका, तो डबा मी ठेवला होता."

"ठाऊक आहे की. झाकणावर अक्षर तुझंच होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझी नोकरी कच्ची होती, माझी संपत आलेली." काका कुंचला धुतात. "पण आता मला सांगून काय उपयोग, बाई? घरी हिला अजून वाटतं, शेवटी शेवटी माझं डोकं चालत नव्हतं. तिला सांग."

विनयाला मेल्याहून मेल्यासारखं होतं. "कुठल्या तोंडानं सांगू?"

"आहे त्याच."

ती पुन्हा सांगते, मोठ्यांदा, सगळ्या खुर्च्यांना ऐकू जाईल असं.

जाग येते. अगार कधीच घट्ट झालाय. तिच्या कानाशी फोन आहे, तापलेला. ती तो खाली घेऊन बघते. भोकरेकाकूंचं नाव, आणि झोपेतच उचललेला फोन अजून चालू.

"काकू?" ती कशीबशी म्हणते. "तुम्ही केव्हापासून ऐकताय?"

"डबा मी ठेवला म्हणालीस, तिथपासून," काकू म्हणतात. "पुन्हा एकदा सांग गं."