वाटीची वाट

"सांधा उत्तम बसलाय. अडकतेय ती गुडघ्याची वाटी," डॉक्टर म्हणाले आणि मला रडूच आलं. दुःखाने नाही. गेले चार महिने मी ऐकत होते तो आवाज मनाचा खेळ नव्हता, हे पहिल्यांदाच कुणीतरी मान्य करत होतं.

मी निवृत्त शिक्षिका, विरारला मनवेलपाड्यात राहते. उजव्या गुडघ्याचं नी रिप्लेसमेंट, म्हणजे झिजलेल्या सांध्याच्या जागी धातूचा नि प्लास्टिकचा सांधा बसवणं, होऊन वर्ष होत आलं होतं. सुरुवातीचे महिने छान गेले. जिना उतरू लागले, बाजारात जाऊ लागले. इतकी खूश होते की नायगावच्या माझ्या नणंदेला, शालूला, मीच भरीस घातलं. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. तिने ऑपरेशनची तारीखही घेतली.

मग एकदा खुर्चीतून उठताना गुडघ्यात काहीतरी अडकलं आणि खट्कन सुटलं. कळ आली. पुढे ते रोजचंच झालं. वाकलेला पाय सरळ करताना मध्येच खट्. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "काकू, व्यायाम कमी पडतोय." मी व्यायाम वाढवला. आवाजही वाढला.

गणपतीत शालू आमच्याकडे आली होती. मी चहा करायला उठले आणि खट् झालं. तिने ऐकलं.

"वहिनी, हे काय?"

"काही नाही गं. होतं कधीकधी."

पण माझा चेहरा तिने पाहिला होता. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "मी तारीख रद्द केली. माझं हाड झिजलेलं का असेना, माझं आहे."

मला राग नाही आला, शरम वाटली. तिला मी अर्धंच खरं सांगितलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात वसईतल्या या दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली. गुडघा वाकवून खास वाटीचा एक्स-रे झाला, सोनोग्राफी झाली. बाकावर बसून मी आजूबाजूच्यांचे गुडघे पाहत होते.

"याला पटेलर क्लंक म्हणतात," डॉक्टरांनी टेबलावरचा नकली सांधा हातात घेतला. वाटी मांडीच्या हाडावरच्या एका खाचेतून वरखाली सरकते. कृत्रिम सांध्यातही ती खाच केलेली असते. माझ्या सांध्यात खाच जिथे संपते तिथे चौकोनी पोकळी होती. वाटीच्या वरच्या कडेला, आतून, ऑपरेशननंतर एक गाठ धरली होती. पाय वाकला की ती पोकळीत शिरायची, सरळ करताना उसळून बाहेर यायची.

"काही डिझाइनमध्ये खाच जास्त खालपर्यंत नेतात, पोकळीची कड गोलसर ठेवतात. तिथे हा त्रास कमी दिसतो."

"म्हणजे आधीच्या डॉक्टरांचं चुकलं?"

"तसं नाही म्हणता येणार. सांधा कसा बसवला, वाटी किती उंचीवर आहे, स्नायू कसे आहेत, सगळ्याचाच परिणाम होतो. शिवाय काहींच्या शरीरात अशी गाठ धरतेच."

आर्थ्रोस्कोपी, म्हणजे छोट्या छिद्रातून दुर्बीण घालून केलेलं ऑपरेशन, करून गाठ काढली. दुसऱ्या दिवशी कॉटच्या कडेला बसून मी पाय हळूहळू सरळ केला. कान देऊन ऐकलं. पुन्हा केला. काहीच नाही.

शालू भेटायला आली. माझ्या वाटीवर तळवा ठेवून म्हणाली, "आता उठून दाखव." तिने मला चारदा उठवलं.

मग मी तिला सगळं सांगितलं. टाक्यांच्या बाजूची कातडी अजून बधिर आहे. मांडी घालून बसता येत नाही. गुडघा टेकवला की परका वाटतो. आणि तरी मी जिना कठडा न धरता उतरते.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू घाबरशील म्हणून."

"तू लपवलंस, म्हणून मी घाबरले."

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना एवढंच सांगते, गुडघा बोलला तर लाजू नका, डॉक्टरांना ऐकवा. माझं ज्यांनी ऐकून घेतलं त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

महिन्याभराने शालू मला घेऊन तिच्या सर्जनकडे गेली. करायचं की नाही, हे तिने अजून ठरवलं नव्हतं. खुर्चीत टेकताच तिने विचारलं, "डॉक्टर, तुम्ही जो सांधा बसवणार, त्यात वाटीची वाट कशी आहे?"

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि कपाटातून सांधा काढला. शालू पुढे सरकून बघू लागली. मी या वेळी मध्ये एक शब्दही बोलले नाही.