अंगावर घातलेला टाका

जुन्या सिनेमांच्या बक्षीससमारंभांबद्दल कुणी गहिवरून बोलू लागलं की मी तिथून उठते. साठच्या दशकातला असा एक समारंभ मी बेंगळुरात पाहिलाय. तेव्हा मी बारा वर्षांची होते.

आम्ही शिंपी. तिथल्याच शिवाजीनगरात वडिलांचं दुकान होतं. एका कन्नड पौराणिक सिनेमाचे सगळे राजेशाही पोशाख त्यांनी सहा महिने डोळे फोडून शिवले. काम आणलं होतं एका पोशाखवाल्याने, त्यामुळे पडद्यावर नाव त्याचं. सिनेमाला पोशाखाचं पारितोषिक मिळालं आणि त्याचा निरोप आला, समारंभाला नक्की या. वडिलांना वाटलं, आता तरी हा चारचौघांत आपलं नाव घेईल. शेजारच्या अक्कांना त्यांनी ते दोनदा सांगितलं. मला नवं परकर-पोलकं शिवलं.

पोशाखवाला सभागृहाच्या दारातच वाट बघत होता. तोंडात पानाचा तोबरा.

"बरं झालं आलात. बगलेत उसवलंय, टाका घाला."

वडिलांच्या टोपीत सुई-दोरा कायमचाच. "कोट काढा, अण्णा."

"वेळ कुठाय? असाच घाला."

अंगावरचा कपडा शिवायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. अगदीच अडलं तर घालणाऱ्याने दातांत दोरा धरायचा. वडिलांनी दोरा पुढे केला. त्याने हसत तोंडात धरला आणि टाका होताच थू करून टाकला. पानाने लाल झालेला तो दोरा वडिलांच्या खांद्यावर चिकटला. तो मेला वळूनही न बघता आत गेला.

मंचावर जाऊन त्याने देवाचे, निर्मात्याचे, आपल्या आईचे आभार मानले. "एकेक टाका मी स्वतः घातलाय," असंही म्हणाला. निर्लज्जपणाची हद्द! मग त्याने हात उंच करून बक्षिसाची ढाल दाखवली. बगलेतला टाका पक्का होता.

सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली ती माझ्या वडिलांनी.

"बाबा, नका ना!" मी त्यांचे हात धरले.

"सोड गं. पुढचं काम त्याच्याकडूनच यायचंय."

त्या माणसाची किळस मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले. त्या घटकेला वडिलांचीही आली होती, ते आज पहिल्यांदा लिहिते. घरी येईपर्यंत तो दोरा त्यांच्या खांद्यावर होता. मला दिसत होता, पण मी काढला नाही.