तिवराचं वाण

एका शुक्रवारी दुपारी साडेचार ते संध्याकाळी सात या वेळात माझ्या आईने एक अख्खं जंगल वाटून टाकलं. प्रत्येकीला हळदकुंकू लावून.

जंगल दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत होतं, हे मी मान्य करते. आमच्या जुईनगरच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली होतं, हेही मान्य. पण जंगलच होतं, आणि ते माझं होतं.

नव्वदचं दशक तेव्हा अर्धं सरलं होतं. मी बॉटनी घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि वाशीच्या एका पर्यावरण संस्थेत सहा महिन्यांसाठी प्रशिक्षणार्थी म्हणून लागले होते. संस्थेकडे दोन खोल्या, एक सायक्लोस्टाइल मशीन आणि अमाप संताप होता. मशीन बंद पडायचं, संताप नाही. पहिल्या महिन्यात मी दोन पत्रकं लिहिली. पहिलं ‘नागरिकांनो, जागे व्हा’ असं सुरू होत होतं आणि दुसरं ‘अजून झोपलात का?’ असं.

संस्थाप्रमुख मॅडमनी दोन्ही वाचली आणि म्हणाल्या, “छान आहे. आता एखादं झाड जगवून दाखव.”

ही त्यांची पद्धतच होती. प्रत्येक प्रशिक्षणार्थीला तिवराच्या पन्नास बिया मिळायच्या. तिवर म्हणजे खाडीच्या चिखलात उगवणारी खारफुटी. भरतीचं पाणी अडवते, मासळीच्या पिल्लांना आसरा देते आणि बिल्डरांना झोपेत दिसते. बिया घरी रुजवायच्या, रोपं वाढवायची आणि जानेवारीच्या शेवटच्या रविवारी समितीसमोर खाडीकाठी लावायची. रोपं जगली तर संस्थेत कायमची जागा. नाही जगली तर एक प्रमाणपत्र आणि हस्तांदोलन.

बाबा मंत्रालयात हेडक्लार्क. त्यांना हस्तांदोलनात रस नव्हता.

“जानेवारीपर्यंत संस्थेने नोकरी दिली तर उत्तम,” ते म्हणाले. “नाही तर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म. मी आणून ठेवलाय. काळ्या शाईने भरायचा असतो.”

तर पाच महिने मी ती पन्नास रोपं पोटच्या पोरांसारखी सांभाळली. (म्हणजे रोज पाणी आई घालत होती. मी मार्गदर्शन करत होते.)

आणि मग संक्रांत आली.

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींना हळदकुंकवाला बोलावतात आणि काहीतरी वस्तू वाण म्हणून देतात. आईने वाण आणलं होतं. मी पिशवी उघडून बघितली आणि माझ्यातली कार्यकर्ती जागी झाली.

“आई, हे काय आहे?”

“साबणदाण्या.”

“प्लॅस्टिकच्या?”

“मग काय चांदीच्या देऊ?”

मी चाळीस मिनिटं बोलले. प्लॅस्टिक कुजत नाही इथपासून सुरुवात केली आणि मध्यमवर्गाच्या नैतिक अधःपतनापर्यंत गेले. आईचे तोपर्यंत तीन वाट्या वाटाणे सोलून झाले होते. शेवटी मी टेबलावर हात आपटून म्हटलं, “द्यायचंच असेल तर काहीतरी जिवंत दे. निसर्गातलं दे.”

“बरं,” आई म्हणाली.

चळवळीत एवढ्या सहज ‘बरं’ म्हणणाऱ्या माणसापासून सावध राहायला हवं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी मी वाशीहून घरी आले. जिन्यात अत्तराचा वास, दारात चपलांचे ठसे. गॅलरीचं दार उघडलं आणि तिथे फरशीवर चिखलाची गोल गोल वर्तुळं तेवढी होती. कोपऱ्यात पाच वाकडी रोपं बिचारी एकमेकांना टेकून उभी.

“आई, माझी तिवरं कुठायत?”

“वाटली.” आई ताटातलं उरलेलं कुंकू डबीत भरत होती. “सगळ्यांना भारी आवडलं बघ वाण. पिशवीला हळदकुंकवाची बोटं लावली, वर लाल दोरा. नवीन काहीतरी, म्हणाल्या.”

“परवा समिती येणार आहे, आई. ती माझी नोकरी होती.”

“तूच म्हणालीस ना, जिवंत दे?”

“ही पाच का ठेवलीस?”

“वाकडी आहेत. वाकडं वाण कसं द्यायचं?”

“मी आत्ता जाऊन परत घेऊन येते.”

आईने डबीचं झाकण लावलं. एवढ्या वेळात पहिल्यांदा ती गंभीर झाली. “खबरदार. सवाष्णींना कुंकू लावून दिलेलं वाण परत मागतेस? या सोसायटीत मला तोंड दाखवायचंय.”

वर्तमानपत्रामागून बाबांचा आवाज आला, “फॉर्म कपाटात आहे. वरचा कप्पा.”

शनिवारी सकाळी मी निघाले. परत मागायचं नाही, एवढी एकच अट होती. म्हणून मी आपली ‘सहज’ दारोदार हिंडले. बायकांनी स्वतःहून रोप परत द्यावं इतकं त्यांचं मन वळवायचं, असा बेत. मन वळवणं हेच तर माझं प्रशिक्षण.

तळमजल्यावर राणेकाकूंनी तिवर थेट तुळशीशेजारी रोवून पुढे निरांजन लावलं होतं.

“काकू, हे झाड चिखलात वाढतं,” मी म्हटलं. “कुंडीत त्याचा जीव घुसमटतो.”

“गो चारू, चिखल कशाला? मी शेणखत घातलंय. तू टेन्शन घेऊ नको.”

“पण निसर्गात त्याची जागा खाडीत आहे.”

“आमची पण जागा सावंतवाडीत आहे. राहतोच ना जुईनगरात?”

मी जिना चढले. दुसऱ्या मजल्यावर तिवर टीव्हीवर क्रोशाच्या रुमालावर विराजमान झालं होतं. तिसऱ्यावर त्याला चहाचा चोथा मिळत होता. एकीने मला विचारलं, याची फुलं केसात माळतात का. मी सगळीकडे भाषण दिलं, सगळीकडे तिळगूळ खाल्ला आणि सगळीकडून रिकाम्या हाताने बाहेर पडले. चव्वेचाळीस घरं. तिळगुळाने घसा बसला तो वेगळाच.

शेवटचं घर म्हात्रेमावशींचं. त्या इथल्या मूळच्या, जवळच्या खाडीकाठच्या गावातल्या. शेती नवी मुंबईसाठी गेली, तिच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीवर मुलाने ही इमारत बांधली आणि मावशी आमच्या सोसायटीत राहायला आल्या. मला बघून त्या हसायलाच लागल्या.

“तुझ्या आयशीने मला तिवार दिलाय वानात. माझ्या सासऱ्याने आख्खा जनम तिवरं तोडून चूल पेटवली, न ती मला त्याला कुंकू लावून देते.”

“मावशी, हसू नका. ही झाडं मरतील.”

“कशाला मरतील? बघ तरी.” त्यांचं रोप मोरीत बादलीत उभं होतं. “खारा पानी लागतं त्याला. मी कालच सगल्या बायांना सांगितलं, पान्यात चिमूटभर मीठ घाला. तुला हापिसात कोनी सांगितलं नाय?”

हापिसात मला सांगितलं होतं. मी त्यावर चौकटीत मजकूरही लिहिला होता. फक्त पाच महिने आमच्या गॅलरीत नळाचं पाणी जात होतं, कारण आईला ते सांगायचं राहून गेलं होतं.

आता उरली पाच वाकडी. मी ठरवलं, समितीला निदान एवढी तरी रीतसर लावलेली दाखवायची. त्याच दुपारी ओहोटी बघून मी खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतले, पत्रकातल्या आकृतीप्रमाणे पाच फुटांवर एक अशी रोपं लावली, प्रत्येकाशेजारी काठी ठोकली आणि काठीवर नावाची चिठ्ठी. काम इतकं शास्त्रशुद्ध होतं की मला स्वतःचाच हेवा वाटला.

रविवारी सकाळी मॅडम दोन सभासदांना घेऊन आल्या. काठ्या होत्या. चिठ्ठ्या होत्या. त्यांच्यामध्ये एक म्हैस उभी होती आणि शांतपणे शेवटचं पान चघळत होती.

“रोपं?” मॅडमनी विचारलं.

“पाच हिने खाल्ली,” मी म्हटलं. खोटं बोलायला काही उरलंच नव्हतं. “बाकीची आईने.”

“खाल्ली?”

“वाटली.”

मॅडम सरळ आमच्या सोसायटीत आल्या आणि दार वाजवत घराघरांतून फिरल्या. मी मागून, चिखलाच्या पायांनी. एका दिवसात झाडं मेली असतील म्हणून मी डोळे मिटूनच आत शिरत होते. पण पंचेचाळीसच्या पंचेचाळीस तिवरं ताठ उभी! कुणी मीठ मोजून घालत होतं, कुणी उन्हाप्रमाणे जागा बदलत होतं. राणेकाकूंनी तर मॅडमना चपला बाहेर काढायला लावल्या.

शेवटी मॅडम आमच्या घरी बसल्या, पोहे घेतले आणि आईला म्हणाल्या, “वहिनी, ही रोपं खाडीत जायला हवीत. वाण परत मागायचं नसतं, ते मला ठाऊक आहे. मग काय करायचं?”

मी पुढे सरसावले. “मी त्यांना एक निवेदन—”

“तू जरा थांब,” आई म्हणाली. मग मॅडमकडे वळली. “परत कशाला मागायचं? खाडीची ओटी भरू. ज्याचं त्याने आपल्या हाताने.”

झालं. एवढंच. सहा महिने मी जे पानोपानी ओरडून सांगत होते ते आईने चार शब्दांत उरकलं, आणि तेही पोह्यांवर खोबरं घालताना. दुपारच्या ओहोटीला सगळ्या सोसायटीच्या बायका काळ्या चंद्रकळा वर खोचून चिखलात उतरल्या. म्हात्रेमावशी पुढे उभ्या राहून कुठे लावायचं, कुठे नाही ते सांगत होत्या. म्हशीला हाकलायचं काम मला दिलं होतं. बॉटनीच्या पदवीधराला!

आठवड्याने संस्थेचं पत्र आलं. पाकिटावर आईचं नाव. कायमची जागा, काम लोकसंपर्काचं, वेळ स्वयंपाक आटोपल्यावर. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: ‘मदतीला मुलीला आणलंत तरी चालेल, तिचं प्रशिक्षण आम्ही सहा महिन्यांनी वाढवत आहोत.’

“संस्थेने नोकरी दिली,” बाबा पत्र घडी करत म्हणाले. “कुणाला, ते काही ठरलं नव्हतं.” आणि फॉर्म त्यांनी पुढल्या वर्षासाठी वरच्या कप्प्यातच ठेवला.

अन्यायाविरुद्ध गप्प बसणाऱ्यांतली मी नाही. निषेध म्हणून मी पहिले दोन दिवस कामावर गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी गेले, तेव्हा हजेरीवही आईच्या ताब्यात होती. माझ्या नावापुढे दोन दिवस नीट ‘रजा’ लिहिलेलं होतं आणि कारणाच्या रकान्यात, सुवाच्य अक्षरात: ‘रुसली आहे.’