गोड्या नदीकाठी खारं पाणी

परवा पूर्णेच्या काठावर सगळ्या गाडीवाल्यांसमोर माझं हसं झालं... आणि खरं सांगतो, मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही.

कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, घेऊन आम्ही अमरावतीला निघालो होतो. दुपारी नदीकाठी बैल सोडले. सगळ्यांचे बैल डोहाकडे धावले आणि मी मात्र बंडीखाली बांधलेली घागर सोडून माझ्या राजाला आमच्या गावच्या विहिरीचं खारं पाणी पाजत बसलो.

"एवढी पूर्णा वाहून राहिली अन् हा येडा बैलाले खारं पाणी पाजते!" एक जण ओरडला. झालं... सगळा काठ हसायला लागला.

आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. विहीर कितीही खोल खणा, पाणी खारटच. त्यामुळे गोड पाण्याचं आम्हाला भारी अप्रूप. पाहुण्याला गोड पाणी, देवाला गोड पाणी, आणि ज्याचा बैलावर जीव तो बैलालाही नदीच्या डोहावर नेणार. विहिरीचं पाणी भांडी घासायला.

याला अपवाद एकच, आमची शेजारीण सखूकाकू. नवरा गेल्यापासून शेत एकटीनं सांभाळते. ती ढोरांना विहिरीचंच पाणी पाजायची आणि काठावर चरायला कधी सोडायची नाही. सगळं गाव तिला कंजूष म्हणायचं, मुक्या जीवाचे हाल करते म्हणायचं. मीही त्यातलाच.

त्यात ही कापसाची धामधूम आली. तिकडं सातासमुद्रापार कसली लढाई चाललीय म्हणतात, त्यामुळे विलायतेला आपला कापूस हवा! मग काय... गावानं ज्वारी सोडून कापसाची पऱ्हाटी लावली, गायरानसुद्धा नांगरून टाकलं. कडबा संपला आणि सगळी ढोरं गेली नदीच्या काठावर, ओल्या हिरव्यागार गवतात. आम्ही खूश, ढोरं खूश.

दिवाळीनंतर राजा खंगायला लागला. आधी अंगावरचं मांस गेलं, मग जबड्याखाली पाण्यानं भरल्यासारखी सूज आली. खालच्या आळीतला एक बैल असाच सुजून नुकताच मेला होता.

राजाला मी वासरू असल्यापासून वाढवलेलं. जोडीचा सर्जा धडधाकट होता, पण एका बैलावर बंडी चालत नाही. वर्षाचा कापूस घरात पडून आणि राजा गोठ्यात मान टाकून. मला काही सुचेना.

कडबा कुठे मिळेल म्हणून शोधत होतो, तर गावात कडब्याची गंज फक्त सखूकाकूच्या अंगणात. अख्खं गाव पऱ्हाटीमागे पळत असताना हिनं अर्ध्या वावरात ज्वारीच पेरली होती. त्यावरही आम्ही हसलो होतो.

कडबा मागितला, तर काकूनं आधी माझ्या गोठ्यात येऊन राजाचा जबडा चाचपला. म्हणाली, "कडबा नेऊ नोको. बैलच माह्या गोठ्यात आणून बांध. काठचं गवत बंद अन् डोहाचं पाणीबी बंद."

कारण विचारलं तेव्हा पहिल्यांदाच त्याबद्दल बोलली. पूर्वी तिचा एक बैल असाच गेला होता. कातडं काढणाऱ्यानं पोटातलं काळीज कापून दाखवलं, तर आत तुळशीच्या पानाएवढे चपटे किडे... तेव्हापासून ती बघत आली होती. ही सूज काठावर चरणाऱ्या ढोरांनाच येते, वरच्या कोरड्या वावरातल्या नाही.

"त्या ओल्या गवताच्या बुडाशी बारक्या बारक्या गोगलगाई रायते. त्याईचा काय संबंध, मले नाई समजत. पण जिथं त्या, तिथं हे दुखनं. अन् माह्या खाऱ्या पान्यात एक गोगलगाय दाखव तू मले!"

काठावरची पालेभाजीसुद्धा ती घरात कुणाला कच्ची खाऊ देत नाही म्हणे. आम्ही याला चक्रमपणा समजत होतो.

राजा मात्र गोड पाण्याचा लाडका. काकूच्या विहिरीचं पाणी पुढं ठेवलं की फुस्स करून तोंड फिरवायचा. संध्याकाळपर्यंत थेंब प्यायला नाही. मला बघवेना... म्हटलं, आजच्या दिवस डोहावर नेतो.

काकू फाटकात उभी राहिली. "नेशीन तं ने. पण मंग काळीज पाहाले मले बोलावजो."

मी दावं खुंट्याला परत बांधलं आणि तिथंच बसून रडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी राजा ते पाणी प्यायला. काकू त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि मला शिव्या घालत होती.

सूज उतरायला हिवाळा गेला. पूर्ण बरा झालाय असं काकू अजून म्हणत नाही, पण राजा खातो, चालतो, आणि यंदाचा कापूस त्याच्याच खांद्यावर अमरावतीला निघाला. निघताना काकूनं बंडीखाली खाऱ्या पाण्याच्या घागरी बांधल्या. कडब्याच्या पेंढ्या वर टाकल्या. कडब्याचं काय द्यायचं विचारलं, तर म्हणे, "पुढच्या साली थोडी ज्वारी पेरजो, बस."

तर त्या दिवशी काठावर सगळे हसत होते आणि राजा माझ्या हातून ते खारं पाणी निवांत पीत होता. मी एकदोघांना गोगलगाई दाखवायला गेलो, तर ते आणखीनच हसले.

मी ते हसणं घटकाभरच ऐकलं. सखूकाकूनं ते वर्षानुवर्षं ऐकलं, आमच्याच तोंडून... आणि तरी मी तिच्या दारात गेलो तेव्हा तिनं आधी माझ्या बैलाचा जबडा चाचपला.